एकटीच गाते, एकटीच झील धरते!

वाचकहो, पोवाडा ऐकायला आपण बसतो तेव्हा सगळ्यांचे डोळे शाहिरावर असतात. त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. पण शाहीर ओळ टाकतो आणि ती उचलून धरतात ते हे मागचे. त्यांनी ओळ उचलली नाही तर शाहीर कितीही ताकदीचा असो, दोन कडव्यांत त्याचा दम उखडतो. आता अशी कल्पना करा की मागे कोणीच नाही. तुणतुणे नाही, डफ नाही, झांज नाही, झील धरायला माणूस नाही. रंगमंचावर फक्त एक बाई. गळ्यात गिटार आणि पायाशी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. आणि तरीही डोळे मिटून ऐकले तर वाटते, हिच्या मागे चार जणी उभ्या आहेत!

ही बाई फ्रान्स देशाची. तिचे नाव अनाईस.

आमच्या भाच्याने मध्यंतरी मोबाईलवर तिचा कार्यक्रम दाखवला. फ्रेंच भाषेचे म्हणाल तर आम्हाला अक्षरही कळत नाही. परंतु समोरची माणसे पोट धरून हसत होती, आणि ही बाई मात्र अगदी लग्नातल्या मंगलगीतासारखा गोड चेहरा करून गात होती. इतक्या गोड गाण्यावर लोक हसतात का, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. मग खोदून माहिती काढली. जी हाती आली ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

अनाईस क्रोझ हिचा जन्म १९७६ सालचा. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेले ग्रनोबल हे तिचे जन्मगाव. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये ती ओपोसम नावाच्या रॉक संगीताच्या एका गटात गाऊ लागली. गट म्हटला की ढोल वाजवणारा आला, गिटारवाले आले, सामान वाहणारी गाडी आली, आणि मिळालेल्या मानधनाच्या वाटण्या आल्या. गटाचे दिवस संपले आणि अनाईस एकटीच रंगमंचावर उभी राहिली. एक गिटार, एक यंत्र आणि एक तोंड, एवढाच संसार. २००५ साली तिचा पहिला स्वतंत्र संग्रह बाजारात आला. तो स्टुडिओच्या बंद खोलीत नव्हे तर प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेला होता. त्याचे नाव तिने इंग्रजीत ठेवले, ‘द चीप शो’. म्हणजे स्वस्तातला खेळ! स्वतःच्या हलाखीची आपणच पाटी लिहून दारावर लावायची आणि लोकांना हसत हसत आत बोलवायचे, हा तिचा बाणा.

या संग्रहातले जे गाणे फ्रान्सभर गाजले त्याचे नाव ‘मों कर, मों अमूर’. मराठीत सांगायचे तर ‘माझ्या काळजा, माझ्या प्रेमा’. नाव ऐकून वाटेल की एखादे सिनेमातले प्रेमगीत असेल. चालही तशीच लाडिक आहे. पण गाण्याचा विषय काय? जी जोडपी चारचौघांत सारखी एकमेकांना गोड गोड नावांनी हाका मारतात, एकमेकांच्या गळ्यात पडून असतात, जिथे जातील तिथे साखरेच्या पाकाचे थेंब सांडत जातात, त्यांची या बाईने मनसोक्त टर उडवली आहे. तीही त्यांच्याच लाडिक सुरात! म्हणून लोक हसतात.

इथपर्यंत गंमत झाली. पण हे गाणे निव्वळ गंमत नाही. हसवता हसवता ही बाई कबूल करते की अशी जोडपी तिला बघवत नाहीत, कारण त्यांना पाहिले की आपण एकट्या आहोत याची तिला आठवण होते. म्हणजे जो आसूड तिने दुसऱ्यावर उगारला, त्याचे टोक फिरून तिच्याच पाठीवर येते. आमच्या मते तिच्या कलेचे मर्म हेच आहे. दुसऱ्याला हसणारे पुष्कळ असतात. प्रत्येक चाळीत, प्रत्येक नाक्यावर एक तरी असतो. पण हसता हसता स्वतःची जखम उघडी करणारा विरळा. आणि ती जखम एकट्या बाईची असेल तर आणखीच विरळा. आमच्या भगिनींनी सांगावे, हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणे येत नाही, लग्नात ज्यांच्याकडे बोट दाखवून ‘हिचे काय झाले?’ असे विचारले जाते, त्यांनी कधी चारशे लोकांपुढे उभे राहून, ‘होय, मी एकटी आहे, आणि तुमचे हे लाडिक चाळे मला सहन होत नाहीत’ असे गाऊन दाखवले आहे काय?

आता त्या पेटीविषयी. इंग्रजीत तिला लूपर म्हणतात. लूप म्हणजे फेरा. शिलाई मशीनच्या पायडलसारखी ती पायाने दाबायची असते. कलावंत काय करतो ते नीट पाहा. पायाने एकदा दाबले की पेटी ऐकू लागते. मग त्याने गिटारच्या लाकडावर हाताने ठेका धरला, समजा चार मात्रांचा. चौथी मात्रा संपता क्षणी पुन्हा पाय दाबला की पेटी तोच ठेका आपणहून वाजवू लागते, आणि थांबवीपर्यंत वाजवत राहते. झाला ढोलकीवाला तयार! आता त्याच ठेक्यावर गिटारच्या तारा छेडायच्या, त्यासुद्धा पेटीत भरायच्या. ठेका आणि तारा दोन्ही एकत्र फिरू लागल्या. मग वरून आवाजाची एक आस द्यायची, तीही भरायची. मग तिच्यावर थोडी वरच्या पट्टीतली दुसरी आस. अशा चार-पाच थरांची चळत रचून झाली की कलावंत मोकळा. आता तो शाहीर, आणि मागची चळत म्हणजे त्याचेच झीलकरी. अनाईस तर या मागच्या आवाजांना वेगवेगळी सोंगेही देते. तिच्या एका गाण्यात रॅप गाणाऱ्या टोळीची नक्कल आहे. टोळी म्हणजे अख्खी पलटण, आणि ती उभी करायची एकट्या बाईने. विनोद तिथेच जन्माला येतो.

ऐकायला सोपे वाटते. पण यात एक मोठी मेख आहे. पेटीला बरे-वाईट कळत नाही. आपण जे देऊ ते ती इमानेइतबारे परत देते. ठेका धरताना अर्ध्या मात्रेची चूक झाली, कोणी मध्येच खोकले, तर ती चूक, तो खोकलाही चार मात्रांनी पुन्हा येतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. माणसांचा ताफा असेल तर एकाची चूक दुसरा सावरून घेतो. ढोलकीवाला डोळ्याने इशारा करतो, पेटीवाला सूर लांबवतो, शाहीर चार शब्द बोलून वेळ मारून नेतो. यंत्राच्या ताफ्यात असा सोबती नाही. गायकाची चूक त्याच्याच मागे उभी राहून त्याच्याच कानात ओरडत राहते. तेव्हा ‘मशीनवर काय, कोणीही गाईल’ असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा करून पाहावे.

या पेट्या दुकानात सहज मिळू लागल्या त्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. १९९९ साली लाईन सिक्स या कंपनीने जी हिरवी पेटी काढली तिच्यात १४ सेकंदांचा फेरा मावत असे. २००१ साली बॉस कंपनीची पेटी आली, तिच्यात मिनिटांचा फेरा मावू लागला. पुढे एड शीरन या इंग्रज गायकाने याच तंत्रावर मोठमोठी मैदाने एकट्याने गाजवली. १६ मार्च २०२४ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याचा कार्यक्रम झाला, तोही याच पेटीच्या जोरावर. तिकिटाचे दर ऐकून आमच्यासारख्यांनी मैदानाच्या भिंतीकडेही पाहिले नाही, हा भाग निराळा.

परंतु या फेऱ्याचे मूळ फार जुने, आणि तेही फ्रान्समध्येच. ही गोष्ट आमच्या रेल्वेतल्या वाचकांनी तरी अवश्य वाचावी. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीत पिएर शेफर नावाचा एक अभियंता काम करीत होता. तो ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात गेला आणि वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपून आला. शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, रुळांवरची खडखड. मग त्याने एक युक्ती केली. ग्रामोफोनच्या तबकडीवर खाच आतल्या बाजूला सरकत जाते, म्हणून गाणे पुढे जाते. शेफरने ती खाच गोल बंद करून टाकली. सुई तिथे आली की त्याच वर्तुळात फिरत राही आणि इंजिनाचा तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकू येई. आपल्याकडे रेकॉर्ड घासली की सुई अडकून एकच शब्द येत राहायचा, जुन्या मंडळींना आठवत असेल. आपण सुई उचलून पुढे ठेवत होतो, शेफरने त्यालाच संगीत म्हटले! ५ ऑक्टोबर १९४८ रोजी रेल्वेच्या आवाजांची ही रचना फ्रेंच नभोवाणीवरून प्रसारित झाली. संगीताच्या इतिहासात तिला मानाचे पान आहे. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला त्यातले काही कळवले गेले की नाही कोण जाणे.

त्यानंतर १९६३ साली टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार पॅरिसला एका नाटकाच्या कामासाठी आला. आवाज घुमत राहिला पाहिजे, अशी त्याची मागणी होती. तिथल्या एका फ्रेंच तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून ताणली. पहिल्याने टिपायचे, दुसऱ्याने वाजवायचे, वाजलेले पहिल्याने पुन्हा टिपायचे. झाला फेरा! नाव रायलीचे झाले. त्या तंत्रज्ञाचे नाव या गोष्टीत कोणी घेत नाही. पांढरा कोट घातलेला एक माणूस, एवढीच त्याची नोंद. आम्ही कारकून मंडळी अशा नोंदी चटकन ओळखतो.

यंत्राचे झाले. पण अनाईसची जी दुसरी बाजू, म्हणजे चिमटा काढणारे गाणे, तीही तिच्या देशात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिस आणि आसपासच्या वस्त्यांत कामगारांच्या गायनमंडळ्या होत्या. त्यांना ‘गोगेत’ म्हणत. दिवसभर राबून आलेले सुतार, चांभार, कापडकामगार दारूच्या गुत्त्यात आठवड्यातून एकदा जमत आणि स्वतः रचलेली गाणी म्हणत. अशा मंडळ्या शेकड्यांनी होत्या. नवी चाल बांधायला वेळ कोणाला होता? सगळ्यांना पाठ असलेली जुनी चाल घ्यायची आणि तीवर नवे शब्द बसवायचे, ही त्यांची रीत. आपल्या जलशांनीही हेच केले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या परंपरेचा मोठा कवी म्हणजे पिएर-जाँ द बेरांजे. जन्म १७८०, मृत्यू १८५७. आम्हाला तो जवळचा वाटतो याचे एक खासगी कारण आहे. तो कारकून होता! विद्यापीठाच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरवण्याची नोकरी तो करीत असे. दिवसा साहेबांच्या मजकुराची नक्कल आणि रात्री राजाची! १८२१ साली त्याच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. नोकरी गेली, खटला झाला, तीन महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. तो गप्प बसला नाही. १८२८ साली पुन्हा खटला. या वेळी नऊ महिन्यांची कैद आणि १०,००० फ्रँक दंड. दंड वीस पट, कैद तिप्पट. सरकारच्या दृष्टीने गाण्याची किंमत सात वर्षांत किती वाढली, हा हिशेब आम्ही बी.कॉम.ला शिकलेल्या कोणत्याही सूत्राने बसत नाही. बेरांजे वारला तेव्हा अंत्ययात्रेत लोकांनी उठाव करू नये म्हणून सरकारने रस्त्यात सैन्य उभे केले होते.

गाण्यांवरची ही नजर पुढेही राहिली. कॅफेत गायच्या गाण्याचे शब्द आधी सरकारी तपासनिसाला दाखवावे लागत. हा प्रकार १९०६ साली संपला, तोही मोठ्या मजेशीर रीतीने. तपासनिसांच्या पगाराची तरतूदच संसदेने अंदाजपत्रकातून काढून टाकली! पगार नाही तर तपासणी नाही. १९५४ साली बोरिस व्हियाँ याने युद्धावर जायला नकार देणाऱ्या माणसाचे गाणे लिहिले, तेव्हा ते नभोवाणीवर बंद झाले.

इथे एखादा वाचक म्हणेल, कुठे तो तुरुंगात जाणारा बेरांजे, आणि कुठे ही प्रेमी जोडप्यांची टर उडवणारी बाई! राजाला चिमटा काढणे निराळे, शेजारच्या जोडप्याला चिमटा काढणे निराळे. आक्षेप अगदीच खोटा नाही. अनाईसला कोणी तुरुंगात घातले नाही, उलट तिचे कार्यक्रम गर्दीने भरले. पण आम्हाला वाटते, आजच्या बाईवर राज्य करणारा राजा सिंहासनावर बसलेला नसतो. तो सिनेमाच्या गाण्यात असतो, दागिन्यांच्या जाहिरातीत असतो, गुलाबाच्या फुलांत असतो. जोडीदाराशिवाय तू अर्धीच, असे तो दिवसातून शंभर वेळा सांगतो. त्याचीच गोड भाषा उचलून त्याच्यावर उलटवणे हे काम लहान नव्हे. बेरांजेच्या पंगतीत अनाईसला बसवायचे की नाही ते जाणकारांनी ठरवावे. आम्ही तिला दारात तर खचित उभी करणार नाही.

फ्रेंच भाषेत एक वाक्प्रचार आहे. गोड गोड, रडक्या प्रेमकथेला ते ‘गुलाबपाण्याची’ कथा म्हणतात. २००८ साली अनाईसने ‘द लव्ह अल्बम’ काढला, त्यात मागे वाद्यवृंदाचा साज होता. आणि २०१२ साली जुन्या जमान्यातली फ्रेंच गाणी घेऊन जो संग्रह काढला त्याला नाव दिले ‘आ लो द झावेल’. झावेल हे पॅरिसजवळचे एके काळचे गाव. तिथे अठराव्या शतकाच्या शेवटी कपडे पांढरे करण्याचे द्रावण तयार होऊ लागले, म्हणून फ्रान्समध्ये त्याला आजही झावेलचे पाणी म्हणतात. म्हणजे गुलाबपाण्याच्या जागी ब्लीचिंगचे पाणी! ज्या बायांचे हात रोज लोकांच्या मोऱ्या घासतात त्यांना या थट्टेचा वास लगेच येईल.

आता थोडा पोटाचा विचार. एकट्याने गाणे ही हौस की मजबुरी? फ्रान्समध्ये कलावंतांसाठी बेकारी भत्त्याची एक योजना आहे. तिची सुरुवात १९३६ साली सिनेमातल्या तंत्रज्ञांपासून झाली. कलावंताचे काम सलग नसते, आज प्रयोग आहे तर पुढचे पंधरा दिवस नाही, म्हणून मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. अट अशी की बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम दाखवले पाहिजे. आता एका प्रयोगाच्या मानधनाचे बारा तास धरतात, म्हणजे हिशेबाने ४३ प्रयोग झाले. २००३ साली ही बारा महिन्यांची मुदत गायक-नटांसाठी साडेदहा महिन्यांवर आणली गेली. तास तेवढेच, महिने कमी! कलावंतांनी संप पुकारला. आविन्योंचा जगप्रसिद्ध नाट्यमहोत्सव त्या वर्षी रद्द झाला, एक्स-आं-प्रोव्हांसचा संगीत महोत्सव रद्द झाला, ला रोशेलचा गाण्यांचा महोत्सव रद्द झाला. बारा महिन्यांची मुदत परत मिळायला २०१६ साल उजाडले.

अशा दिवसांत लहान सभागृहाचा मालक काय म्हणणार? पाच जणांचे मानधन, पाच जणांचे जेवण, पाच जणांचा प्रवास, त्यापेक्षा एक बाई आणि एक पेटी बरी. म्हणजे जी पेटी अनाईससारखीला उभे राहायला जागा देते, तीच पेटी ढोलवाल्याला घरी बसवते. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हिशेबाच्या खोलीत पाच टेबले होती. आज एक टेबल आणि एक संगणक आहे, आणि त्या टेबलामागे आम्ही बसतो. तेव्हा या प्रश्नावर मोठ्या आवाजात बोलण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, हे आम्ही जाणून आहोत. उरलेले चौघे कधी रस्त्यात भेटतात. चहा पितो, विषय टाळतो.

भाच्याला मात्र असले प्रश्न पडत नाहीत. तो म्हणाला, ‘मामा, पेटी विकत घ्यायची गरज नाही, मोबाईलवरसुद्धा लूप करता येतो.’ मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो तेव्हा त्याने प्रयोग करून दाखवला. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे, आत ताईचा स्वयंपाक. पोराने टेबलावर बोटांनी छान ठेका धरला, चार मात्रा भरल्या, बटण दाबले. ठेका फिरू लागला. त्यावर त्याने तोंडाने एक आस दिली. आस भरत असताना नेमकी आतून कुकरची शिट्टी झाली. ती शिट्टीही पेटीत शिरली. पोराच्या ते ध्यानातच आले नाही, तो डोळे मिटून गाऊ लागला. ठेका, आस, शिट्टी. ठेका, आस, शिट्टी. धाकटी पोरे लोळून हसू लागली. तोवर आतून ताई पदराला हात पुसत धावत बाहेर आली आणि आमच्यावरच खेकसली, ‘अरे, गॅस तर मी केव्हाचा बंद केलाय, हा कुकर अजून शिट्ट्या कसा मारतोय?’